कोपऱ्यातला उजेड आणि एकदाच झालेला रीस्टार्ट

वाचकांचे प्रश्न : घरातली यंत्रं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शेवटच्या वर्षाला आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं प्रोजेक्ट आणि रात्रीचं गेमिंग, दोन्हींसाठी नुकताच गेमिंग लॅपटॉप घेतला. सवलतीत मिळाला आणि आता ते मॉडेल स्टॉकमध्ये नाही. परत करायची मुदत संपायला आठवडाही उरलेला नाही. पडदा काळा असला की डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड दिसतो. अंधाऱ्या खोलीत तर नजर तिथेच जाते. फोनवर फोटो काढला तर आणखी भयानक दिसतो. मित्रांना पाठवला, निम्मे म्हणाले परत कर, निम्मे म्हणाले सगळ्यांचं असंच असतं. त्या कोपऱ्यामुळे माझी झोप उडाली आहे. शिवाय गेमच्या मेनूमध्ये आतून बारीक किर्रर्र आवाज येतो. खेळताना प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातो आणि पंखे असे ओरडतात की हेडफोनशिवाय बसवत नाही. बाकी मशीन वेगवान आहे, कीबोर्ड छान आहे. हां, एकदा खेळताना चित्र गोठलं, स्पीकरमधून घर्रर्र आवाज आला आणि लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. पण ते पुन्हा झालेलं नाही. ठेवू की परत करू? (नाव छापू नये.)

उत्तर : कोपऱ्यातल्या उजेडावर तू अर्धं पत्र खर्च केलंस आणि रीस्टार्ट शेवटी 'हां' म्हणून आठवला. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हेच पत्र उलटं वाचायची सवय असते. माझ्यासाठी तुझ्या तक्रारींमधली मोठी तक्रार एकच आहे, आणि ती म्हणजे ते शेवटचं वाक्य.

आधी बाकीच्या तक्रारी उरकते, म्हणजे तुझी झोप परत येईल.

तो उजेड दोन प्रकारचा असू शकतो. आयपीएस जातीच्या एलसीडी पडद्याला तिरकं पाहिलं की कोपरे फिकट चमकतात. डोकं हलवलं की ती चमकही सरकते. ती पडद्याच्या जातीतच आहे, लॅपटॉप बदललास तरी सोबत येईल. दुसरा प्रकार म्हणजे बॅकलाइट ब्लीड. पॅनेल झाकणाच्या चौकटीत कुठेतरी दाबलं गेलेलं असतं आणि मागचा दिवा तिथून झिरपतो. हा डाग डोकं हलवलं तरी जागचा हलत नाही. तुझा कोणता, ते खुर्चीत बसल्या बसल्या मान इकडेतिकडे करून कळेल. आणि फोनच्या फोटोवर विश्वास ठेवू नकोस. अंधार दिसला की फोन एक्स्पोजर वाढवतो आणि मेणबत्तीएवढ्या उजेडाचा वणवा करून दाखवतो. तू ज्या ब्राइटनेसवर खेळतोस त्या ब्राइटनेसवर, ज्या खोलीत खेळतोस तिथल्या दिव्यात, एखादा अंधारा गेम लाव. खेळताना डाग दिसला तर तो दोष. काळं चित्र मुद्दाम लावून शोधावा लागला तर तो छंद.

किर्रर्र आवाज कॉइल व्हाइनचा. मदरबोर्डावर वीज नियंत्रित करणाऱ्या छोट्या कॉइल असतात. त्यांच्यातून जाणारा प्रवाह झपाट्याने कमीजास्त झाला की त्या थरथरतात, आणि ती थरथर कानाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात आली की किर्रर्र होतं. मेनूमध्येच का? कारण मेनूत काढायला फारसं काही नसतं, ग्राफिक्स कार्ड मोकाट सुटतं आणि सेकंदाला शेकडो फ्रेम, म्हणजे चित्रं, फेकत बसतं. फ्रेम रेटला पडद्याच्या रिफ्रेश रेटची मर्यादा घाल, म्हणजे १४४ हर्ट्झचा पडदा असेल तर १४४. बहुतेक वेळा आवाज बदलतो किंवा विरतो. याने मशीन बिघडत नाही. शांत खोलीत लिहिताना, काहीही चालू नसताना तो आवाज येत असेल तर मात्र वेगळा विचार कर, कारण तो रोज तुझ्यासोबत राहणार आहे.

९५ अंशांबद्दल लोक उगाच घाबरतात. आजचे लॅपटॉपमधले ताकदवान प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासची मर्यादा गृहीत धरूनच बनवलेले असतात. बनवणारी कंपनी पातळ खोक्यात जेवढी ताकद कोंबता येईल तेवढी कोंबते आणि प्रोसेसर त्या मर्यादेपर्यंत बिनदिक्कत जातो. आकड्यापेक्षा पुढचं बघ. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाक, अर्धा तास खेळ आणि तीन गोष्टी तपास. एक, प्रोसेसरचा वेग त्याच्या जाहीर बेस क्लॉकच्या, म्हणजे मूळ वेगाच्या, खाली घसरतो का. दोन, प्रोसेसरच्या सगळ्या कोअर, म्हणजे आतले काम करणारे स्वतंत्र भाग, जवळपास सारख्या तापतात का, की एखादी बाकीच्यांपेक्षा वीस अंशांनी पुढे पळते. तीन, ग्राफिक्स कार्डाचं तापमान आणि त्याच्या हॉटस्पॉटचं, म्हणजे सर्वांत तापलेल्या जागेचं, तापमान यांत किती अंतर आहे. अंतर फार असलं किंवा एकच कोअर पेटत असली तर बहुधा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, नीट बसलेला नाही किंवा त्याच्याखालची थर्मल पेस्ट एका बाजूला कमी लागली आहे. हा कारखान्यातला निष्काळजीपणा आहे आणि परत करायला पुरेसं कारण. सगळं समान तापत असेल आणि वेग टिकत असेल तर तो आवाज म्हणजे पंखे आपलं काम करत असल्याचा. मागची बाजू थोडी उचलून ठेव, लॅपटॉपच्या कामगिरीची प्रोफाइल 'टर्बो'वरून एक पायरी खाली आण, बराच फरक पडेल आणि फ्रेम थोड्याच कमी होतील.

आता रीस्टार्ट.

चित्र गोठणं, आवाज एका जागी अडकून घरघरणं आणि मग आपोआप रीस्टार्ट, हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा यंत्र खालच्या थरात कुठेतरी अडकलेलं असतं. नुसता गेम कोसळला असता तर तू डेस्कटॉपवर परत आला असतास. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गडबडला असता तर साधारणतः पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, विंडोज त्याची नोंदही ठेवतं. थेट रीस्टार्ट म्हणजे रॅम, वीजपुरवठा, ग्राफिक्स चिप, मदरबोर्ड, नीट न बसलेली एसएसडी, यांतलं काहीही. किंवा खरंच एखादा भिकार ड्रायव्हर. मला इथून सांगता येणार नाही, पण तुझ्या मशीनला विचारता येईल.

स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' (reliability) टाइप कर. रिलायबिलिटी मॉनिटर उघडेल, त्यात त्या दिवशी लाल खूण दिसेल. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघड आणि त्या मिनिटाला जा. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद नक्की सापडेल, पण ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तिच्यावरून काही ठरवू नकोस. तिच्या आसपास 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger) नावाची, हार्डवेअरच्या चुकांची नोंद आहे का ते बघ. असली तर हार्डवेअरने स्वतःच आपली चूक कबूल केली आहे. मग पुढे वाचूही नकोस, परत करायला लॅपटॉपचं खोकं शोध.

ती नोंद नसेल तर दोन संध्याकाळी दे, जास्त नाहीत. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर रॅम तपासायला लाव. एकही लाल ओळ आली तर परत. दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या साइटवरून बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा कर, त्याच गेममध्ये, त्याच प्रोफाइलवर, चार्जर लावून बस. मग ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये रेंडरसाठी, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही निवडून एक जड रेंडर लाव, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच वेळी वीज ओढतील. वीजपुरवठ्यातला अशक्तपणा असल्या वेळी बाहेर येतो. पुन्हा एकदा जरी गोठलं तर परत.

आणि काहीच झालं नाही तर? इथे माझं मत तुझ्या मित्रांना पटणार नाही. तरीही परत कर.

कारण सांगते. जो दोष सतत आहे तो तुला पूर्ण माहीत आहे. कोपरा आज जसा आहे त्यापेक्षा फारसा वेगळा पुढच्या वर्षी असणार नाही, किर्रर्र आवाजही तसाच. त्यांच्यासोबत राहता येईल की नाही हे तू आजच ठरवू शकतोस. शिवाय ते कधीही कुणालाही दाखवता येतात. अधूनमधून येणारा दोष असा नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन तासभर चालवतात, काहीच होत नाही, आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून परत देतात. त्यात तिथल्या माणसाचा दोष नाही, त्याला खरंच दिसलेला नसतो. माझ्याकडे असाच एक लॅपटॉप आला होता. झाकण एका ठरावीक कोनाच्या पुढे गेलं की पडदा बंद. मालकाने तो अधिकृत केंद्रात वारंवार नेला, दरवेळी 'दोष नाही'. तिथल्या टेबलावर झाकण नेहमी तेवढंच उघडायचे, जेवढं उघडल्यावर सगळं ठीक असायचं. बिजागरीतून जाणारी केबल चिमटली जात होती. कारण कळलं तोवर वॉरंटी संपली होती.

तुझं प्रोजेक्ट सबमिट करायच्या आदल्या रात्री रेंडर ऐंशी टक्क्यांवर असताना तो रीस्टार्ट परत आला, तर त्याचं कुणाला काय दाखवणार? आत्ता, मुदतीत, तुला सहसा कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. मुदत संपली की लागेल.

सवलत गेली म्हणून हळहळू नकोस. ते मॉडेल स्टॉकमध्ये नाही म्हणजे बदलून तेच मिळणार नाही, बहुधा पैसे परत मिळतील. त्यात वेगळं मॉडेल बघ, आणि या वेळी प्रोजेक्टच्या गरजेने बघ : रॅम वाढवता येते का, एसएसडीला दुसरी जागा आहे का. सोय असेल तर या दोन गोष्टी नंतर बदलता येतात. पडदा, कूलर आणि ग्राफिक्स चिप मात्र घेताना मिळाली तीच कायम राहते, म्हणून पारखायचं ते त्यांनाच.

परत करताना : फाइली बाजूला काढ, ब्लेंडर आणि गेमच्या खात्यांतून बाहेर पड, विंडोज रीसेट कर आणि रीसेटच्या वेळी 'सगळं काढून टाका' हा पर्याय घे. चार्जर, केबल, खोक्यातले कागद, सगळं जागच्या जागी. मशीनवरचा आणि खोक्यावरचा सिरीअल नंबर जुळतोय याचा फोटो काढून ठेव. कारण लिहिताना कोपऱ्याचा उल्लेख करू नकोस, 'हे नॉर्मल आहे' हे उत्तर तयारच असतं. 'खेळताना मशीन आपोआप रीस्टार्ट झालं' एवढंच लिही आणि रिलायबिलिटी मॉनिटरचा स्क्रीनशॉट जोड.

प्रश्न : मुलासाठी घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपच्या कीबोर्डचा डावा भाग दाबला की खाली जातो आणि टचपॅड एका बाजूला क्लिकच होत नाही. विक्रेता म्हणतो, परत कशाला करता, सर्व्हिस सेंटरला द्या, ते सुटा भाग बदलून देतील. मुदत अजून आहे. काय करावं? (एक वडील)

उत्तर : परत करा. विक्रेत्याच्या सल्ल्यात त्याचीच सोय जास्त आहे. मशीन दुरुस्तीला गेलं की सुटा भाग येईपर्यंत ते तिथेच पडून राहतं आणि परत करायची मुदत इकडे चालूच राहते. भाग बदलून झाला आणि मशीन पुन्हा हातात आलं, की तुमच्यापुढे फक्त वॉरंटी उरते, म्हणजे पुन्हा दुरुस्तीच.

दुसरं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्यालाच रिव्हेट केलेला असतो. तो बदलायचा म्हणजे बॅटरी, मदरबोर्ड, पंखे, हीटसिंक सगळं उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. काम चांगल्या हाताने झालं तर काही बिघडत नाही. पण आपण नवं मशीन घेतलं ते कारखान्यात जोडलेलं म्हणून, कुणीतरी उघडून बसवलेलं म्हणून नाही.

शिवाय मला इथे दोन दोष वेगळे वाटत नाहीत. टचपॅड एका बाजूला दबत नाही आणि त्याच्याच वरचा कीबोर्ड खाली जातो, याचा अर्थ आतला एखादा स्क्रू राहिलाय किंवा बॅटरी फुगून खालून दाब देतेय. नव्या मशीनमध्ये दुसरं क्वचित घडतं, पण लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डगमगला किंवा तळाचा पत्रा फुगीर दिसला तर तो चार्जिंगला लावूच नका आणि चालूही करू नका. आणि मुलाला सांगा, स्वतः स्क्रू उघडून बघायचा मोह नको. उघडल्याच्या खुणा राहतात आणि मग परत घ्यायला नकार द्यायला ते निमित्त पुरतं.

प्रश्न : माझ्या आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये एकच ग्राफिक्स कार्ड आहे, आरटीएक्स ४०६०. तोच गेम, तीच सेटिंग्ज, तरी तिच्याकडे फ्रेम बऱ्याच जास्त. माझं पीस सदोष आहे का? परत करता येईल, पण कारण काय सांगू? (गेम खेळणारी एक मुलगी)

उत्तर : पीस सदोष नाही, नाव फसवं आहे. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला ती चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॉटपर्यंतची मुभा दिली आहे. त्या पट्ट्यात किती वॉट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या कूलरच्या ताकदीवर ठरवते. बारीक, हलका लॅपटॉप असेल तर कमी, जाडजूड असेल तर जास्त. पूर्वी कमी वॉटच्या आवृत्तीला 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव असायचं, निदान ओळखता तरी यायची. २०२१ च्या ३० मालिकेपासून ते वेगळेपण राहिलं नाही आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे येतच असतो.

तुझ्या मशीनची मर्यादा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनखाली 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीत मिळेल. ती कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघ. माहितीपत्रकात जास्त आणि मशीनमध्ये कमी असेल तर तक्रार पक्की आहे. दोन्ही सारखेच असतील तर आधी रॅम बघ : एकच पट्टी असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालते आणि काही गेममध्ये फ्रेम चांगल्याच पडतात. दुसरी पट्टी टाकून ते सुटतं. मग डिस्प्ले मोड बघ. चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या वळणाने पडद्यावर जात असेल तर थोडा तोटा होतो. मक्स स्विच, म्हणजे ते वळण टाळायची सोय, असेल तर तो थेट ग्राफिक्स कार्डावर कर. आणि चार्जर लावूनच तुलना करताय ना? बॅटरीवर कोणताही गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्सला पूर्ण वीज देत नाही.

हे सगळं करूनही फरक उरला आणि तो टोचत असेल तर परत कर. मुदतीत आहेस, कारण 'अपेक्षेपेक्षा कमी कामगिरी' एवढं सहसा पुरतं.

प्रश्न : पहिल्या लॅपटॉपला बॅकलाइट ब्लीड होतं, बदलून घेतला. दुसऱ्यात मध्यभागी एक हिरवा ठिपका सतत पेटलेला, तोही बदलला. आता आलेल्याला पुन्हा एका कडेला फिकट ब्लीड आहे. हाही परत करावा का? घरचे आता माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. (एक त्रस्त वाचक)

उत्तर : दुसरा परत केलात ते योग्य. मध्यभागी सतत पेटलेला ठिपका डोळ्यांना सवय होऊ देत नाही. तो 'चालतो' असं कुणी सांगितलं असेल तर ते कुठून येतं तेही सांगते. आयएसओ १३४०६-२ या जुन्या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत पेटलेले, दोन सतत विझलेले आणि पाच सबपिक्सेलचे, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या भागाचे, दोष मान्य होते. फुल एचडी पडद्यात वीस लाखांवर पिक्सेल असतात, म्हणजे चार पेटलेले ठिपके असले तरी पडदा 'निर्दोष'. २००८ मध्ये त्या मानकाची जागा ९२४१ मालिकेने घेतली, पण हिशोबाची ही रीत अनेक वॉरंटींच्या बारीक अक्षरांत आजही असते. मुदतीत परत करताना तिच्याशी तुमचा सहसा संबंध येत नाही.

तिसऱ्याबद्दल मी वेगळं सांगेन. सगळ्या पिसांत ब्लीड कमीजास्त दिसत असेल तर प्रश्न पिसाचा राहत नाही, मॉडेलच्या झाकणाचा होतो. चौथा मागवलात तर तोही याच झाकणात बसवलेला येईल. फिकट आहे आणि कडेला आहे म्हणता, तर रात्री नेहमीच्या दिव्यात एक अंधारा सिनेमा पूर्ण बघा. डाग सिनेमाभर दिसत राहिला तर पैसे परत घ्या आणि मॉडेलच बदला. ओएलईडी घेतलात तर मागे दिवाच नसल्याने ब्लीडचा प्रश्न नाही. मात्र गेममधला नकाशा, आरोग्याची पट्टी असली हलत नसलेली चित्रं तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्यांचा ठसा उमटण्याचा धोका तिथे असतो. तुम्ही एकच गेम रोज तासन्‌तास खेळत असाल तर मी आयपीएसच सुचवेन, झाकण जाड आणि कमी लवचीक असलेलं. आणि सिनेमा बघताना डाग विसरलात, तर हाच ठेवा आणि काळं चित्र दाखवणारी ती टेस्टची साइट बंद करा.